सहा बोटांचा हेर

दोष माझ्या मालकाचा. मोठ्या माणसांचं झाकून ठेवायची मला सवय नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

मी हेरकथेचं एक जुनं, खिशात मावणारं पुस्तक. कागद सुमार, कथा त्याहून सुमार. मुखपृष्ठावर पिस्तूल रोखलेला हेर आहे आणि चित्रकाराने घाईत त्याच्या हाताला सहा बोटं काढलीत. माझा लेखक कुणाला आठवत नाही, प्रकाशक कधीच बुडाला. पण त्या एका जादा बोटापायी जुनी पुस्तकं जमवणारी शहाणीसुरती म्हातारी माणसं माझ्यामागे वेडी होतात.

मालक नकाशे काढायचा. नवं लग्न झालं होतं तेव्हा त्याने मला रद्दीच्या दुकानातून आणलं. नवराबायको मला आळीपाळीने वाचायचे. प्रकरण संपलं की ती समासात पेन्सिलीने लिहायची, 'फितूर स्वयंपाकीच.' तो खाली लिहायचा, 'काहीतरीच! वकील.' हरेल त्याने चहा करायचा. पुढे दर पावसाळ्यात मला पुन्हा काढायचे, नवे टोमणे लिहायचे. घरात अबोला असला तरी समासात बोलणं चालू असायचं.

उतारवयात मालकाला संग्रहाचा नाद लागला. त्याचा मित्र चष्मेवाला मला उलटसुलट करून म्हणाला, "बोटं शाबूत आहेत रे! पण आत हे काय गिरगटून ठेवलंय? कोरी प्रत असती तर गोष्ट वेगळी."

"पेन्सिलच आहे. खोडून काढतो की."

नकाशांसाठीचं मऊ खोडरबर त्याने माझ्या पानापानावरून फिरवलं. आणि मी? काचेच्या कपाटात बसायला मिळणार म्हणून फुशारलो. ती लाज अजून जात नाही.

एका दुपारी तिने मला उघडलं. समासावरून बोट फिरवलं.

"अहो, माझा स्वयंपाकी कुठे गेला?"

"अगं, साफसफाई केली. बघ, कसं नव्यासारखं दिसतंय!"

मोठी माणसं चुकली की त्याला साफसफाई म्हणतात.

"छान. पुरावासुद्धा ठेवला नाहीत," ती म्हणाली. मग तिने चहा केला. एकच कप.

महिन्यापूर्वी मालकाने मला कपाटातून काढलं. फितूर वकीलच निघतो, हे दोघांनाही पाठ आहे. तरी त्याने पहिल्या प्रकरणाखाली लिहिलं, 'तुझंच बरोबर. स्वयंपाकी.' मग पेन्सिलीसकट मला तिच्या उशाशी ठेवलं.

ती रोज मला उचलते, चादर झटकते, पुन्हा तिथेच ठेवते.

त्याच्या ओळीखाली काहीही लिहिलेलं नाही. चहा तो स्वतःचा स्वतः करतो.