फुलवालीची उंची

आमच्या चिनीमातीच्या भांड्यांच्या गावात चहा पिऊन झाला की माणसं कप उपडा करून बुडावरचा कारखान्याचा शिक्का बघतात, अगदी दुसऱ्याच्या घरीसुद्धा. त्यामुळे संग्रहालयाच्या विश्वस्त मंडळाच्या अध्यक्ष मिसेस माउंटफर्ड यांनी फुलवालीला कपाटातून काढून आधी उलटी केली, याचं मला काही वाटलं नाही. मग त्यांनी उंची मोजायला कॅलिपर लावलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

फुलवाली ही इंग्लंडमधल्या लाँगटनच्या आमच्या छोट्या संग्रहालयातली सगळ्यात मौल्यवान वस्तू. अठराव्या शतकात इथल्याच एका भट्टीत भाजलेली पोर्सेलीनची वीतभर बाई. डोक्यावर हिरवी टोपी, हातात परडी, ओठ किंचित उघडे. संग्रहालय सांभाळणारे मिस्टर मेचिन त्या आठवड्यात निवृत्त होत होते, म्हणून एकेक वस्तू मोजून ताब्यात घेणं चाललं होतं.

"नोंदवहीतल्यापेक्षा बोटभर कमी भरतेय," मिसेस माउंटफर्ड मेचिन यांना म्हणाल्या. "ॲम्ब्रोज, खरी कुठंय?"

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न सुचला नसता. आमच्याकडे मात्र शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं की भाजलेल्या बाहुलीवरून साचा काढून नवी केली, तर ओली माती भट्टीत आटते आणि नवी बाहुली मूळ बाहुलीपेक्षा बुटकी निघते. बुटकी म्हणजे नक्कल. आणि कपाटाची किल्ली एकट्या मेचिन यांच्याकडे.

"मी काही विकलेलं नाही, लव्हिनिया," मेचिन म्हणाले.

"मग काय धुताना आटली? स्वेटर आहे का तो?"

मेचिन फुलवालीकडेच बघत राहिले. माझ्याकडेही त्यांनी बघितलं नाही.

"चहापर्यंत थांबते. मग पोलीस," असं म्हणून त्या खाली गेल्या.

मी रसायनशास्त्र शिकलेली. इथं वस्तूंची डागडुजी करते. पहिल्याच वर्षी मी फुलवालीच्या परडीचं तुटलेलं पान चिकटवलं होतं. आता ती टेबलावर ठेवून मी अतिनील दिवा लावला. पानाच्या सांध्यावर माझ्या डिंकाची निळसर रेघ चमकली. नक्कल असती तर पान एकसंध निघालं असतं. म्हणजे ही तीच होती. मला हायसं वाटलं, पण ते टिकलं नाही. पानसुद्धा लहान झालं होतं. टोपी, परडी, बोटं, सगळंच सारख्या प्रमाणात. भाजून झालेलं पोर्सेलीन आटत नाही. त्यात आटण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

मग मी तिला तराजूत ठेवलं. डागडुजीच्या वेळी केलेलं वजन माझ्या लक्षात होतं. आजही तेवढंच भरलं. आकार घटला होता आणि वजन तसंच होतं. हिशेब केला तर ती बाई दगडापेक्षाही जड ठरत होती.

मेचिन दारात उभे होते. हातात कागदात गुंडाळलेला ओटकेक, ओटच्या पिठाचं चीज भरलेलं धिरडं.

"आधी खाऊन घे, पोरी. चीज गार होतंय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्यांदा वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. मग उंची भरून काढायला तिच्या पायाखाली फेल्टचं कापड घालत गेलो. दर हिवाळ्यात एक थर." ते खुर्चीत टेकले. "आटत नाहीये ती. लांब जातेय. निघून चाललेलं माणूस रस्त्यावर लहान लहान होत जातं ना, तसं."

"पण तोंड तर आपल्याकडे आहे."

"तेच तर. मागं मागं सरकतेय. कुणाकडं बघत माणूस असं मागं सरकतं, सांग बरं."

मी दिवा बंद केला.

"रोज तिच्यासमोर बसून जेवतो तो मीच," ते म्हणाले. "नोकरीची अजून दोन वर्षं होती. सोडतोय ती कशाला, असं तुला कधी वाटलं नाही?"

चहाच्या वेळी मी मिसेस माउंटफर्ड यांना डिंकाची रेघ दाखवली आणि तराजूचा काटा दाखवला. लहान नक्कल एवढी जड असूच शकत नाही, एवढंच बोलले. खोटं काहीच सांगितलं नाही. जुनं मोजमाप चुकलं असणार, हे त्यांनी स्वतःच ठरवलं.

"ॲम्ब्रोज, आता गाल फुगवून बसू नकोस. अध्यक्ष आहे म्हणून विचारलं."

"गाल जन्मापासून असेच आहेत," मेचिन म्हणाले. किल्ली माझ्या हातात देताना मात्र ते कपाटाकडे पाठ करून उभे राहिले.

ते नोकरी सोडून गेल्यानंतरच्या महिन्यात रोज सकाळी मी तिच्याकडे बघत होते. काही दिवस ती तशीच होती. मग एका सोमवारी धूळ पुसायला तिला उचललं, तर परत फळीवर ठेवताना तिची टोपी वरच्या काचेच्या फळीला घासली. मी फेल्टचे सगळे थर काढून टाकले. तरी गुरुवारी टोपी पुन्हा घासली. वजन तेवढंच होतं.

त्या दुपारी मी कपाटापाशी एकटीच असताना मेचिन यांचा फोन आला. मागे त्यांच्या बहिणीकडच्या कोंबड्या ओरडत होत्या.

"काय गं, थांबली का ती?"

फक्त हे ऐकण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली होती.

"थांबली," मी म्हणाले. "आता नाही जात लांब."

त्यांनी मोठा श्वास सोडला. म्हणजे मीच होतो तर, असं काहीसं पुटपुटले. त्यांच्या आवाजात दुःख होतं आणि सुटकाही होती. मग त्यांनी दार लोटलं असावं, कोंबड्यांचा आवाज बंद झाला.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "तुझ्या शेजारी कोण श्वास घेतंय?"