शंभर वर्षांचे सोमवार

चष्म्यांची आणि दुर्बिणींची भिंगं घासणाऱ्या त्या कारखान्याला वर तीन मजले होते आणि खाली तळघर. वर बसणाऱ्यांना खिडक्या होत्या, गुबगुबीत खुर्च्या होत्या, दर दोन-तीन वर्षांनी नवा कॉम्प्युटर होता. तळघरात मावशी होत्या.

वय छप्पन्न, अंगात पांढरा एप्रन, बसायला एक स्टूल. कारखान्यातलं सगळ्यात जुनं यंत्र त्या एकट्या चालवायच्या. यंत्राला जोडलेला कॉम्प्युटरही त्याच काळातला, पार पिवळा पडलेला. त्याला त्या नुसतं ‘डबा’ म्हणत. डबा बदलायचा तर यंत्रही बदलावं लागलं असतं, कारण यंत्राला दुसऱ्या कुणाची भाषा कळत नव्हती आणि ते बनवणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली होती. भिंगांची मापं त्या डब्यावरच भरायची, आणि मावशींची मेलही त्याच्यावरच यायची.

आठ महिन्यांपूर्वी नवे व्यवस्थापक आले. माणूस शिस्तीचा. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं, की यापुढे तोंडी निरोप बंद. जे काय असेल ते मेलवर आणि कॅलेंडरवर.

तेव्हापासून दर गुरुवारी मावशींना त्यांची मेल यायला लागली. आत एक अक्षर नाही. खाली कसलीशी फाईल चिकटवलेली. ती उघडायला जावं, तर डबा म्हणायचा, हा प्रकार मला ठाऊक नाही. मावशी आपल्या नेमानं उत्तर लिहायच्या, ‘साहेब, मेल मिळाली, पण आत काहीच नाही.’ त्याचं उत्तर यायचं नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा कोरी मेल हजर.

मधल्या काळात यंत्रातली रबराची गादी झिजली. भिंगांच्या कडांचे टवके उडायला लागले. मावशींनी ‘नवी गादी मागवा’ म्हणून एकदा नाही, पाचदा लिहिलं. गादी आली नाही. उलट व्यवस्थापक फाटकात समोरून आले की मान वळवून घड्याळाकडे बघायला लागले.

“मी काय घोडं मारलंय त्या माणसाचं?” एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता मावशी नवऱ्याला म्हणाल्या.

“रागावला असेल तुझ्यावर.”

“मग रागाचे चार शब्द तरी लिहावेत! कोरी मेल पाठवायची ही कुठली तऱ्हा?”

नवरा निवृत्त शाळामास्तर होता. “कोरा पेपर मलाही पोरं द्यायची,” तो म्हणाला. “मी शून्य द्यायचो आणि विषय संपवायचो.”

विषय संपला नाही. एका शुक्रवारी सकाळी पॅकिंगमधली बाई भिंगांचे ट्रे न्यायला खाली आली आणि सहज बोलून गेली, “मावशी, तुम्ही सोमवारच्या मीटिंगला येतच नाही हो. तुमची खुर्ची रिकामी असते. साहेब तिच्याकडे असं बघतात, जसं काही तिनंच अपमान केलाय.”

“मला बोलावलंय कुणी?”

“कॅलेंडरवर असतं की दर आठवड्याला!”

मावशींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि पाठोपाठ तिडीकही गेली. त्यांनी फोन उचलला आणि धाकट्या दिराला लावला. दिराचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. नवीन यंत्रांशी त्याचं फारसं पटत नसे, पण जुनी म्हणजे जीव की प्राण. घरात अकरा ठेवली होती आणि त्यावरून बायकोची बोलणी खात होता. दुपारीच तो धापा टाकत जिना उतरला, आणि डबा पाहून त्याचे डोळेच भरून आले.

“वहिनी, हा अजून चालतो?”

“चालतो, पण ऐकत नाही. बघा काय झालंय ते.”

त्यानं तासभर खुडबूड केली. “सरळ आहे. वरची मंडळी बोलावणं नव्या पद्धतीनं गुंडाळून पाठवतात. तुमच्या डब्याला ती गाठ सुटत नाही, म्हणून मेल कोरी दिसते. मी मध्ये एक दुभाषा बसवतो. सोमवारपासून कॅलेंडरसुद्धा आपोआप भरेल.”

“आणि उत्तर?”

“तेही आपोआप. प्रत्येक बोलावण्याला ‘मी येते’ असं इंग्रजीतलं तयार वाक्य जाईल. तुम्ही नुसतं बघत बसायचं.”

सोमवारी सकाळी पावणेअकरा वाजता मावशींनी दुर्बिणीचं एक जाडजूड भिंग यंत्रावर चढवलं. हे काम दोन तासांचं, आणि त्यातून मिनिटभरही उठायची सोय नाही. एवढ्यात डब्यानं घंटी वाजवली. पडद्यावर चौकट आली: ‘मीटिंग. सोमवार, अकरा वाजता. वेळ होऊन गेली आहे.’ मावशींनी ‘ठीक आहे’ दाबलं. दुसरी घंटी, दुसरी चौकट. ठीक आहे. तिसरी. ठीक आहे. साठाव्या चौकटीला त्यांचं बोट भरून आलं. त्यांनी खांद्याशी फोन धरला.

“भावोजी, हा वेडा झालाय. गप्पच बसत नाही!”

“वहिनी, तारखेत साल काय दाखवतोय?”

मावशींनी चष्मा सरकवून साल वाचलं. पलीकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

“सालाचे शेवटचे दोनच आकडे वाचतोय तो. पुढचे दोन आपल्या मनानं लावले.”

“म्हणजे?”

“म्हणजे मीटिंग शंभर वर्षांपूर्वी सुरू झाली. आणि ती दर सोमवारची आहे.”

“अगं बाई! किती सोमवार झाले हो?”

“पाच हजार दोनशेच्या वर.” दिराचा आवाज अगदी बारीक झाला. “आणि वहिनी, प्रत्येकाला उत्तर गेलंय. तुम्ही येताय.”

घंटीची वायर उपटा, एवढं सांगून त्यानं फोन ठेवला. मावशी ती उपटतात न उपटतात तोच जिन्यावर बुटांचा आवाज आला. व्यवस्थापक तळघरात पहिल्यांदाच उतरत होते, त्यामुळे खालच्या तुळईवर त्यांचं डोकं दणकन आपटलं. एका हातानं कपाळ चोळत आणि दुसऱ्या हातात कागद नाचवत ते समोर उभे राहिले.

“मावशी, माझी मेल बंद पडलीय. तुमच्या पाच हजार मेल आल्यात. तुम्ही माझ्या आजोबांच्या जन्माआधीच्या मीटिंगला येणार म्हणताय!”

“मी नाही हो, डबा म्हणतोय.”

“आणि आठ महिने? तेव्हाही डबाच? मी दर गुरुवारी मानानं बोलावत होतो, आणि तुम्ही उत्तरात हे पाठवत होतात!” त्यांनी कागद पुढे केला. त्यावर एका ओळीत सतरा प्रश्नचिन्हं होती. दुसरं काहीही नव्हतं.

मावशींनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग हळूच बोटावर अक्षरं मोजली. “साहेब, मी मराठीत लिहिलं होतं, की मेल मिळाली, पण आत काहीच नाही. तुमच्याकडे पोचेपर्यंत त्याची ही गत झाली वाटतं.”

व्यवस्थापकांनी कागद परत घेऊन पुन्हा एकदा पाहिला. “मला वाटलं, तुम्ही विचारताय, तू कोण मला बोलावणारा,” ते शेवटी म्हणाले.

“सतरा वेळा?”

“म्हणूनच तर जास्त लागलं.” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पण बसायला जागा नव्हती. “एकदा मीच खाली येऊन विचारलं असतं, तर काय बिघडलं असतं?”

“मीही वर येऊ शकले असते,” मावशी म्हणाल्या. “गुडघ्यांचं निमित्त करत राहिले.”

“असो. आता चला वर. सगळे खोळंबलेत. भिंगांच्या कडांना टवके का पडतात, यावर आम्ही चार महिने डोकं फोडतोय.”

“गादी झिजलीय. पाचदा लिहिलं मी.”

व्यवस्थापकांनी डोळे मिटले. प्रश्नचिन्हांच्या त्या पाच लांबलचक मेल त्यांना उद्धटपणाचा कळस वाटल्या होत्या आणि त्यांनी त्या तशाच पुसून टाकल्या होत्या.

“ती गादी दाखवता?”

“दाखवते, पण हे भिंग उतरेपर्यंत मी हलणार नाही. वर येणंही व्हायचं नाही.”

मग वरचेच खाली आले. सात माणसं तळघरात दाटीवाटीनं उभी राहिली. एक-दोघांची डोकी तुळईला लागलीच. यंत्राच्या घरघरीत ओरडून बोलावं लागत असल्यामुळे कुणी जास्तीचं बोललं नाही. मावशींनी कोपऱ्यात पडलेली आधीची गादी बसल्या जागेवरून मागवून सगळ्यांच्या हातात दिली, झिजलेली कड बोटानं दाखवली आणि यंत्रातलीही अशीच झालीय म्हणून सांगितलं. खरेदीवाल्यानं तिथल्या तिथे फोन करून चार नव्या मागवल्या. एरवी दोन तास चालणारी मीटिंग नऊ मिनिटांत आटोपली.

पुढच्या सोमवारीही सगळे आपणहून खालीच आले. खरेदीवाल्यानं मावशींच्या कानाशी येऊन विचारलं, “पुढच्या वेळी खुर्च्या आणायच्या का?”

मावशींनी यंत्राचा वेग जरा वाढवला आणि ऐकू येत नसल्याची खूण केली.