मोनाची ओळ

भंडाऱ्यातल्या त्या रक्ततपासणी केंद्राची सिकलसेल ह्या रक्ताच्या आजाराची नोंदवही आता संगणकात होती, आणि तिला कुलपं तिथला संगणक सांभाळणाऱ्या तृप्तीनेच घातली होती. नियम सोपा. गावोगावच्या आरोग्यसेविका आशाताईंपैकी जिचं जे गाव, तिला त्याच गावच्या ओळी दिसणार. एकोडीवालीने पवनीचं नाव शोधलं तर ते माणूस जणू जन्मालाच आलं नाही. ह्या नियमाला न जुमानणारं एकच खातं होतं. त्याला सगळे बायपास म्हणत. ते रोजची प्रत काढण्यापुरतं ठेवलेलं, आणि त्याचा पासवर्डही तृप्तीजवळच. दुधाच्या राखणीला मांजर बसवावं, तसलाच प्रकार म्हणा ना.

त्या दुपारी एकोडीहून तिचे मामा, भय्याजी, आले. पाणी पिऊन झालं, धानाच्या गोष्टी झाल्या, तरी उठेनात. मग हळूच मनातलं बाहेर आलं. त्यांच्या लेकीचं, मोनाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पंधरा दिवसांवर आलं होतं. मुलगा पवनीचा, निकेश. स्वभावाने गरीब, पत्रिका जुळलेली. पण मोना सिकलसेलची वाहक, आणि मुलाचं काय ते ठाऊक नाही. विचारावं तर आपलंच उघडं पडतं, जमलेलं मोडतं. तृप्तीने निकेशच्या ओळीत नुसतं डोकावून पाहावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

वाहक म्हणजे आजारी नव्हे. मोना ठणठणीत होती. पण वाहकाला वाहकच मिळाला, तर होणाऱ्या प्रत्येक लेकरावर आजाराची टांगती तलवार, चारात एक. तृप्तीला हे पुस्तकाने शिकवलं नव्हतं. तिचा धाकटा भाऊ पिंटू हातपाय धरून कळवळत अकराव्या वर्षी गेला होता. त्याची ओळ अजून नोंदीत होती.

"मामा, मी नाही पाहत," ती म्हणाली.

भय्याजींचा चेहरा उतरला. "पिंटूले खांद्यावर घेऊन मीच दवाखान्यात पळलो होतो, पोरी. अन् आज तू मले नियम सांगून राहिली?"

घाव वर्मी बसला. तिची बोटं कीबोर्डवर गेलीसुद्धा, आणि तिथेच थांबली. मागच्या सोमवारी ह्याच खुर्चीत निकेशची आई, पुष्पाबाई, बसली होती. तिला मोनाचं पाहून हवं होतं. तिलाही तृप्तीने नाहीच म्हटलं होतं, आणि बाई डोळ्याला पदर लावून गेली होती. तेव्हा तृप्तीला वाटलं, बाई फार चौकस. आता लख्ख कळलं. ज्याच्या घरी भीती नाही, तो पवनीहून इथवर विचारायला कशाला येईल? कुलूप न काढताच आतलं दिसलं. आणि पुष्पाबाईचं येणं मामांना सांगायचीही सोय नव्हती; तीही दुसऱ्याच्याच घरची गोष्ट. मामा चहा तसाच ठेवून निघून गेले.

संध्याकाळी तृप्तीने मोनाला फोन केला. तिचे वडील कशाला आले होते ते सांगितलं आणि म्हणाली, "कुलूप दुसऱ्यांसाठी हाय, मोना. तुही ओळ तुहीच हाय. तू ती कोणालेही दाखवू शकते."

दोन दिवसांनी मोनाने बापाला न विचारता पवनी गाठली आणि बसस्टँडवर निकेशच्या हातात आपलं सिकलसेल तपासणीचं कार्ड ठेवलं. त्याने ते वाचलं. मग पाकिटातून स्वतःचं काढलं. महिनाभर तो ते तसंच घेऊन फिरत होता म्हणे, तोंड उघडायची हिंमत होत नव्हती. दोन्ही कार्डांवर एकच शब्द होता.

साक्षगंध झालं नाही. भय्याजींनी तृप्तीशी बोलणं टाकलं. पुढच्या आठवड्यात मोना केंद्रात आली आणि नेमकी त्याच खुर्चीत बसली. रडली नाही, पण आठ दिवसांत पार सुकली होती.

"ताई, खरं सांग. तुले आधीच माहीत होतं न?"

"मी त्याची ओळ उघडली नाही."

ते खरं होतं. मोनाने मान हलवली.

"मंग बरं," ती म्हणाली. "मले वाटून राहिलं होतं का, सारं माहीत असून तू मलेच पुढं केलं."

ह्याच खुर्चीत पुष्पाबाई येऊन गेली होती, हे सांगायचं टाळून तृप्तीने नोंदवही बंद केली. मोना मात्र जाताना तिच्या पाया पडली.