मैदानातल्या गोलात

शाळेत सर मोठ्या बाईंच्या हाताखाली होते आणि घरी मोठ्या बाई त्यांची धाकटी बहीण. हा घोळ दोघांनी वर्षानुवर्षं नीट सांभाळला होता. फाटकाच्या आत तो तिला 'मॅडम' म्हणायचा, बाहेर पाऊल पडलं की 'तू गप गं'.

सर फुटबॉल शिकवायचे. मॅच संपली की, जिंकलेली असो वा हरलेली, ते मैदानाच्या मधोमध चुन्याने आखलेल्या गोलात जायचे, गुडघे टेकायचे आणि डोळे मिटायचे. ओठ तेवढे हलायचे. मग उठून माती झटकायचे आणि मोजे धुवायला टाका म्हणून पोरांवर खेकसायचे. बाईंचा स्वतःचा देवावर फारसा भरवसा नव्हता. पण दादाचे गुडघे दादाचे, म्हणून त्या कधी काही बोलल्या नाहीत.

एकदा गोलकीपर त्यांच्या शेजारी जाऊन बसला आणि पुढच्याच मॅचला त्याने पेनल्टी अडवली. झालं! मग बचाव फळी बसली, मग अख्खी टीम. राखीव खेळाडू तर सरांना दिसू अशी जागा धरायला धावत सुटायचे. सरांचे डोळे मिटलेले असतात, हे कुणाच्या ध्यानातच यायचं नाही. पाठोपाठ पालक आले. पेट्रोल पंपवाले काका गुडघेदुखीमुळे घडीची खुर्ची घेऊन येऊ लागले. आमची प्रार्थना वेगळी आहे, असं म्हणत काही जणांनी कॉर्नरच्या झेंड्यापाशी आपला लाऊडस्पीकर मांडला. गाड्यांनी फाटक तुंबायचं आणि खेळायला आलेल्या शाळेची टीम बसमध्ये जांभया देत बसायची.

बाई तरीही गप्पच राहिल्या असत्या, पण त्यांची दाढ दुखायला लागली.

दातांच्या डॉक्टरीणबाईंची मुलगी टीममध्ये डावीकडे खेळायची. बाईंना खुर्चीत आडवं करून, तोंडात कापूस कोंबून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विषय काढला. शाळा सरकारी आहे, सगळ्यांच्या करावर चालते, असं त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. बाईंनी "आँ" करून होकार दिला.

"आमच्या घरात कुणी प्रार्थना करत नाही. तिला विचारलं, तू का बसतेस? तर म्हणाली, नाही बसले आणि सरांनी खेळवलं नाही तर?"

सर तसे नाहीत, हे सांगायला बाईंनी जबडा हलवला.

"हलू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

संध्याकाळी अर्धा गाल बधिर असतानाच बाई दादाच्या घरी गेल्या. वहिनी बटाटे सोलत होती. ऐकता ऐकता दादाचा पारा चढला. आपण एकाही पोराला कधी बोलावलेलं नाही, तसा एक जरी निघाला तर नोकरी सोडतो, असं त्याने ठणकावलं. बाईंनी त्याला पुरतं बोलू दिलं.

"दादा, टीम कोण निवडतं?"

"मी."

"मग तुला बोलवावं लागतच नाही."

मग आता देवाचं नाव घ्यायलाही मॅडमची परवानगी लागणार का, असं दादाने घरात असूनही 'मॅडम' म्हणून विचारलं. खुशाल घे, पण गळ्यात शिट्टी असताना नको, एवढंच त्या म्हणाल्या. घरी कधी बटाटे सोलायला बसत नाहीत, मैदानात मात्र गुडघे टेकतात, अशी भर वहिनीने घातली.

त्याला काही पटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सरावाआधी त्याने पोरांना जमवलं आणि प्रार्थनेत काय मागता ते विचारलं. बाई नळापाशी उभ्या राहून ऐकत होत्या. गोलकीपर आकडे मोजायचा. कॅप्टनला डुलकी लागायची. एक जण, सरांनी पळायच्या फेऱ्या कमी कराव्यात, हे देवाकडे मागायचा. डॉक्टरीणबाईंची मुलगी बुटाने माती उकरत होती.

"मला काही म्हणता येत नाही. मी मनात दातांची नावं म्हणते," ती म्हणाली.

"मग बसतेस कशाला?"

"तुम्ही डोळे उघडलेत की बघता ना, कोण कोण आहे ते."

सरांचे कान लाल झाले. "कुणी लंगडतंय का ते बघतो मी," ते हळूच म्हणाले. "कुणाचं हाडबीड मोडलं नाही, याचेच आभार मानत असतो."

"ते आम्हाला कसं कळणार?"

सर बॉलमध्ये हवा भरायला म्हणून निघून गेले. बॉल टणक होता.

पुढची मॅच संपल्यावर त्यांनी शिट्टी फुंकून सगळ्या पोरांना थेट आत पिटाळलं. गोलात एकटे पंपवाले काका खुर्ची टाकून बसून राहिले. मी नागरिक आहे, मला कुणी उठवू शकत नाही, असं त्यांनी बजावलं. बसा की, बाई म्हणाल्या, आणि माळ्याला गवतावर पाणी सोडायला सांगितलं. झेंड्यापाशी थांबलेल्या मंडळींनी समोर कुणी नाही म्हटल्यावर लाऊडस्पीकर गुंडाळला. पोरं घरी गेल्यावर सर शिट्टी खिशात घालून एकटेच मैदानात गेले. बाई फाटकाबाहेर रस्त्याकडे तोंड करून थांबल्या. गुडघ्यापर्यंत भिजलेला दादा परत आला तेव्हा त्यांनी गाडीच्या सीटवर मुकाट्याने वर्तमानपत्र पसरलं.

पुढे एक नवीनच पेच आला. डॉक्टरीणबाईंची मुलगी खराब खेळू लागली आणि तिला काढायची दादाची छाती होईना. लोक म्हणतील, प्रार्थना बंद पडली त्याचा सूड उगवला. दोन मॅच त्याने कळ काढली. तिच्या बाजूने धडाधड गोल झाले.

तिसऱ्या मॅचला त्याने तिला मध्यंतरातच बाहेर बसवलं आणि सगळ्यांदेखत कारण सांगितलं: बॉल गेला की तू मागे येत नाहीस.

मुलगी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी येते, पण मधला मुलगा पास देत नाही, तुम्ही तिकडे बघतच नाही, तुमचं सगळं लक्ष गोलकीपरवर असतं, असं तिने सरांना सुनावलं. सरांनी बाटलीचं झाकण, बूट आणि दोन संत्री मांडून तिची चूक दाखवली. तिने त्यातलं एक संत्रं सरकवून आपलं म्हणणं दाखवलं. मग मधल्या मुलालाही कंठ फुटला. मध्यंतर संपल्याची शिट्टी झाली तरी वाद चालूच होता.

इतक्या वर्षांत दादाशी कुणी पोर असं भांडताना बाईंनी पाहिलं नव्हतं. त्या बाकावर आरामात टेकल्या आणि पाय लांब केले.