पिवळं फडकं

"सर, तुमचे डोळे कुणामुळे आले?"

मोठ्या सरांच्या खोलीत शिरून तुतारीने थेट विचारलं. दाराआड तिच्या मैत्रिणी कान लावून उभ्या होत्या. "एवढी तुतारी म्हणवतेस ना, मग विचारून दाखव," असं त्यांनीच तिला डिवचलं होतं. आणि वक्तृत्वाचं बक्षीस मिळाल्यापासून कुणी डिवचलं की तुतारीच्या अंगात वारंच शिरायचं.

काळ्या चष्म्याआडून सरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. निदान तिला तसं वाटलं. ते कपाटाकडेही बघत असतील, काय सांगावं!

"कुणामुळे म्हणजे? तुझ्या त्या मुंगीमुळे! शाळेत पहिले डोळे तिचेच आले. म्हणून तर नाटकातून काढलं तिला."

मुंगी ही तुतारीची जिवलग मैत्रीण. दिसायला एवढीशी, पण नाटकात न्यायाधीश झाली की पडदा हलायचा. तिचे डोळे आता चांगले लख्ख बरे झाले होते, तरी तिला व्हरांड्यात एकटं बसवलं होतं. मुली नाक दाबून तिच्यासमोरून पळायच्या. डोळ्यांच्या रोगाला नाक कशाला दाबायचं, हे कुणीच सांगत नव्हतं.

"पण सर, तुम्ही तर मुलांना हातभर लांब उभं करता. मुंगी तुमच्याजवळ आली कधी?"

"मी कुणाच्या जवळ जातच नाही!" सर ताठ होत म्हणाले. "घर आणि शाळा, बास. मधे एकदा काय तो तुझ्या वडिलांच्या दुकानात नवी फ्रेम बघायला गेलो होतो."

बाहेर मैत्रिणींनी तुतारीची पाठ थोपटली, पण तिचं लक्षच नव्हतं. न्यायाधीशाला शोभेल असा चष्मा शोधायला मुंगीही बाबांच्या दुकानात आली होती की! दोघींनी खिदळत फ्रेमांची अख्खी भिंत नाकावर चढवून पाहिली होती.

घरी जाताना ती बेकरीत शिरली. बेकरीवाल्या काकूंच्या नाकावर नवाकोरा चष्मा.

"झकास दिसतोय, काकू!"

"दिसायलाच हवा! तुमच्याच दुकानातला आहे. डोळे लालभडक झाले, सारखं पाणी. म्हटलं, नंबर वाढला. तशीच उठले आणि तुझ्या बाबांकडे गेले. नंतर डॉक्टर म्हणाले, अहो, डोळे आलेत तुमचे!"

"कधी गेला होतात?"

"तुम्ही दोघी पोरी आरशासमोर दंगा घालताना मला रस्त्यावरून दिसलात ना, त्याच्या आदल्या दिवशी. बाकी तुझे बाबा गुणाचे हो! मी लावलेली एकेक फ्रेम पुसून ठेवत होते."

तुतारी पाव न घेताच पळाली.

दुकानात बाबा एका फ्रेमवर "हाऽऽ" करून ती पिवळ्या फडक्याने पुसत होते. ते फडकं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. धुतलं की मऊपणा जातो, म्हणून आईला हातही लावू देत नसत. या गिऱ्हाइकाच्या नाकावरून फडक्यावर, फडक्यावरून पुढच्या फ्रेमवर. काकूंना मुंगीचं नावही ठाऊक नव्हतं, सर काकूंना ओळखत नव्हते, पण फडक्यात मात्र सगळ्यांची रोज गाठभेट होत होती.

तुतारीने एका दमात सगळं सांगितलं.

"आपल्या दुकानात रोग?" बाबा उखडले. "इतकं पुसतो मी!"

"पुसता कुठे? वाटता!" आई गल्ल्यामागून म्हणाली. "कधीपासून सांगतेय, टाका ते धुवायला."

"हळू बोला गं! बाहेर कळलं तर कुत्रं फिरकणार नाही इकडे."

"आणि मुंगी, बाबा? ती काहीही न करता व्हरांड्यात बसलीये."

बाबांना भरून आलं. त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसायला फडकं उचललं.

"बाबाऽऽ!" मायलेकी एकदम किंचाळल्या.

फडकं खाली पडलं. तुतारीने ते कागदात धरून उचललं आणि दुसरा हात कमरेवर ठेवून ती उभी राहिली.

"आई, बाबा, ऐका. हे मी उकळायला टाकतेय. आणि उद्या प्रार्थना झाली की मी माईक घेऊन अख्ख्या शाळेला सांगणारे, डोळे मुंगीने नाही, आमच्या फडक्याने वाटले. माझं ठरलंय. तुम्हाला फारच लाज वाटत असेल तर एवढंच करेन, माईक घेणार नाही. तसाही मला तो लागत नाही."