एकदम एक नंबर

आम्रपालीला वाट बघता येत नाही. पोळी फुगायच्या आत उलटणारी पोरगी, असं तिची आई, कस्तुरा, दिघीतल्या त्यांच्या सगळ्या गल्लीला सांगत असे. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की उरलेलं ही पुरं करणार, आणि बहुतेक वेळा बरोबर करणार, ही खरी अडचण. अशा बाईच्या नशिबी काम काय यावं, तर पडद्यावरच्या एका ओळीकडे बघत बसायचं.

‘साठवणीच्या चिपची वाट पाहत आहे.’ ओळ इंग्रजीत होती, पण अर्थ हाच. भोसरीतल्या त्या लहानशा कंपनीत ती सकाळपासून बोर्ड बंद करत होती, चालू करत होती. पडद्यावर ओळी भराभर धावायच्या आणि इथं येऊन अडून बसायच्या. ती खुर्चीतून उठे, खिडकीपर्यंत जाई, परत येई. ओळ तिथंच.

काम तसं सांगायला सोपं. महाळुंग्याच्या एका कारखान्याला प्रेस मशिनवर नजर ठेवणारा छोटा कॉम्प्युटर हवा होता. त्याचा सर्किट बोर्ड कुदळवाडीच्या इम्तियाजने बनवला. त्यावर लिनक्सचा कर्नल, म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला आणि कुणालाही वापरता येणारा सॉफ्टवेअरचा गाभा, बसवायचा आम्रपालीने. कर्नल हुशार खरा, पण नव्या घरात आलेल्या सुनेसारखा. मीठ कुठल्या डब्यात, साखर कुठल्या, हे कुणीतरी सांगावंच लागतं. ते सांगणारी फाइल आम्रपालीने लिहिली होती. साठवणीच्या चिपला वीज कुठल्या पिनवरून सोडायची, तेही त्यातच.

ही फाइल तिला पाठ झाली होती, आणि पाठ झालेल्या गोष्टीतली चूक माणसाला दिसत नाही. मग उरला बोर्ड. “सर, बोर्डातच खोट आहे,” असं तिने काल गणराज सरांना सांगून टाकलं. कंपनी त्यांची, आणि त्यांना निमित्तच हवं होतं.

“मी म्हणतच होतो, हा दोन नंबरचा माल आहे,” सर म्हणाले. “इथं बोर्ड बनवायचे लाडच नकोत. बाहेरचे तयार मागवू. त्या इम्तियाजला म्हणावं, तुझे उचलून ने.”

इम्तियाजने आजवर दुसऱ्यांचे बोर्ड दुरुस्त केले होते. स्वतः आखून बनवलेला हा त्याचा पहिला. भांडून, सरांची मनधरणी करून त्याला हे काम मिळवून दिलं होतं ते आम्रपालीनेच. आता तिच्याच एका वाक्याने ते जाणार होतं, आणि इथून गेलं की अख्ख्या पट्ट्यात बोभाटा व्हायला वेळ लागणार नव्हता. तिला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की तिला राग येई. सध्या राग बोर्डावर निघत होता.

इम्तियाज मोकळे क्रेट घेऊन आला. भांडला नाही, हेच तिला जास्त लागलं. “तपासून दिले होते हो ताई मी सगळे,” एवढंच म्हणाला आणि बोर्ड एकेक करून फोममध्ये गुंडाळायला लागला. तिच्या टेबलावरचा तेवढा राहिला. तिला ते बघवेना.

“चला भाई, आधी चहा.”

फाटकाबाहेर छबूबाईची टपरी. तिने ग्लास पुढं केले. “कसा झालाय भाऊ आज? आलं जास्त पडलंय व्हय?”

इम्तियाजने घोट घेतला. ‘कसं’ विचारलं की ठरलेलं उत्तर द्यायची त्याची सवय एवढ्या दुःखातही सुटेना. “एकदम एक नंबर, मावशी!”

आम्रपालीचा ग्लास ओठांपाशीच थांबला. हे शब्द, याच चालीत, तिने आधी ऐकले होते.

“भाई, तुम्ही चिपची पिन बदललीत, तेव्हा मी मोशीच्या चौकातून फोन केला होता. काय विचारलं होतं मी?”

“नवी पिन कशी, म्हणून.”

“कितवी! कितवी विचारलं होतं मी!”

“अहो, ट्रकांचा केवढा गोंधळ मागं. मला ‘कशी’ ऐकू आलं.” इम्तियाज आठवून बोलत होता. “मी म्हटलं, एकदम एक नंबर, आता दोनवर घेतलीय तिला...” तो थांबला. “पण तोवर तुम्ही फोन ठेवला होता.”

नंतर त्याने नवं ड्रॉइंगही पाठवलं होतं. पण उत्तर मिळालेल्या माणसाने ड्रॉइंग कशाला उघडावं?

चहा तसाच टाकून ती धावत सुटली. फाइलमध्ये एक होता, तिथं दोन केला. बोर्ड चालू केला. ओळी धावल्या, त्या जागी आल्या आणि न थांबता पुढं गेल्या. शेवटी बोर्डाने लॉगिन मागितलं, म्हणजे तो पुरता चालू झाला. तिने टेबलावर डोकं टेकलं. आनंद झाला होता आणि लाजही वाटत होती, आणि दोन्ही एकदम झाल्याने तिला रडू येत होतं.

गणराज सर बघून खूश झाले. त्यांनी तिथूनच महाळुंग्याच्या साहेबांना फोन लावला. “चालू झाला, साहेब! बोर्ड जरा कच्चाच निघाला, पण आमच्या आम्रपालीने सॉफ्टवेअरमधून सावरून घेतला. पुढच्या वेळेपासून बाहेरचाच...”

इम्तियाज क्रेट उचलून दारात उभा होता. त्याने ऐकलं, आणि खाली बघितलं. आम्रपालीने नुसतं गप्प राहायचं होतं. सरांचं वाक्य पुरं झालं असतं, आणि वाहवा तिच्याच पदरात पडली असती.

तिने सरांच्या हातातून फोन काढून घेतला.

“साहेब, मी आम्रपाली. बोर्ड चांगला आहे. पहिल्यापासून चांगलाच होता. पिनचा नंबर मी पुरता ऐकून घेतला नाही, आणि खापर बोर्डावर फोडलं. चूक माझी आहे.”

सरांचा चेहरा पडला. पलीकडून साहेब म्हणाले, “बरं. पण मग मला नीट सांगा, बोर्ड आहे कसा?”

उत्तर तिच्या जिभेवर आलंच होतं. तिने ते गिळलं आणि फोन दाराशी नेऊन इम्तियाजपुढे धरला. “ज्यांनी केलाय ते सांगतील, साहेब.”

इम्तियाजने क्रेट खाली ठेवला, शर्टाला हात पुसले आणि फोन घेतला. सुरुवात केली ती पार पहिल्या कच्च्या आखणीपासून, मग पिन का बदलली, मग कुदळवाडीत वीज कशी जाते, तिथपर्यंत. त्याला सांगायचं होतं ते आम्रपालीला दोन वाक्यांत सांगता आलं असतं. ती हाताची घडी घालून, ओठ घट्ट मिटून, त्याचं बोलणं संपेपर्यंत तिथं उभी राहिली.