अकराव्या डब्यातलं गाणं

मित्रांनो, मी एक जुनी फीत आहे. एका तमिळ प्रेमपटाची, अकराव्या डब्यातली. आधीच सांगून ठेवते, मी फार थकले आहे. बोलता बोलता मधेच तुटले तर रागावू नका.

माझा जन्म मद्रासच्या एका लॅबमध्ये झाला. आम्ही पंधरा बहिणी. कुणाच्या वाट्याला मारामारी आली, कुणाच्या वाट्याला रडारड. माझ्या वाट्याला गाणं आलं. नावाड्याची मुलगी नदीकाठी उभी आहे, पलीकडच्या देवळात तिचा प्रियकर सनईसारखं लांबलचक नादस्वरम वाजवतो आहे आणि मधे पुराचं पाणी. तो वाजवतो, ती गाते. एवढंच! पण एवढ्यानं अख्खा तंजावर जिल्हा खुळा झाला.

पडद्यावर गाल फुगवणारा नट देखणा होता, पण त्याला वाजवता कुठे येत होतं! खरं वाजवलं होतं शिवक्कोळुंदु पिळ्ळै यांनी. नामावलीत त्यांचं नाव नाही. चित्रपट लागला त्याच वर्षी ते वारले. घरी ग्रामोफोन नव्हता, तबकडी नव्हती. त्यांच्या बायकोला, तैयलनायकीला, ते वाजवणं ऐकायचं तर माझ्याकडेच यावं लागे.

कोळ्ळिडम नदीकाठच्या त्यांच्या गावात दर उन्हाळ्यात सिनेमाचा तंबू लागायचा. खाली वाळू, अर्धी बाजू बायकांची, अर्धी पुरुषांची. गाणं संपलं रे संपलं की पुरुषांकडून आरडाओरडा सुरू व्हायचा, "वन्स मोअर!" मग ऑपरेटर आरोक्यसामी मला उलटी गुंडाळून पुन्हा त्या तापलेल्या यंत्रात घालायचा. बहिणी एका खेळाला एकदा धावायच्या, मी तीनदा, चारदा. कौतुक फार झालं हो माझं, पण त्या कौतुकानं अंगाची सालटी निघाली.

मग मी तुटायची. आरोक्यसामी फाटका भाग कापायचा, उरलेली टोकं चिकटवायचा आणि कापलेलं फेकून द्यायचा. दर खेपेला हातभर फीत जायची. हातभर फीत म्हणजे एक सेकंद.

गंमत म्हणजे, गावानं गाणंही तसंच पाठ केलं. लग्नात वाजंत्री ते वाजवायचे तेव्हा दुसऱ्या कडव्यात टुणकन उडी मारायचे, मी जिथे तुटले होते नेमकी तिथेच. बाहेरगावचे वऱ्हाडी म्हणायचे, "अहो अण्णा, अर्धी ओळ खाल्लीत की!"

"आमच्या पिळ्ळैंचं गाणं आम्हालाच शिकवता?" गावकरी उलट त्यांनाच वेड्यात काढायचे.

सगळे हसायचे, तैयलनायकी तेवढी हसायची नाही. एका वर्षी गाणं संपलं, ओरडा सुरू झाला आणि ती बायकांच्या बाजूला ताडकन उठून उभी राहिली.

"खाली बसा अम्मा! पडदा दिसेना!" पुरुषांतून कुणीतरी खेकसलं.

"पुरे करा तुमचं!" ती ओरडली. "तुमचा वन्स मोअर होतो, आणि माझा नवरा हातभर कमी होतो!"

आरोक्यसामीनं मुकाट्यानं बारावा डबा लावला. त्या गावात पुन्हा कुणी वन्स मोअर मागितला नाही. मला तर देव पावल्यासारखं झालं. खोटं कशाला बोलू?

पुढे रंगीत चित्रपट आले आणि मला कुणी विचारेना. वर्षानुवर्षं मी डब्यात पडून राहिले. अंगाला आंबट वास यायला लागला. एकदा तंबूच्या मालकानं धंदा मोडायचं ठरवलं, तेव्हा शेवटचा खेळ म्हणून आरोक्यसामीनं आम्हा बहिणींना बाहेर काढलं. गाव तेच. तैयलनायकीला आता सगळे पाट्टी, म्हणजे आजी, म्हणत होते. तिला ऐकूही येईनासं झालं होतं, म्हणून ती अगदी कर्ण्याच्या पेटीला चिकटून बसली होती.

गाणं आलं आणि गेलं. तिनं शेजारणीला विचारलं, "काय गं, आमच्या ह्यांचं कधी लागणार?"

"झालं की, पाट्टी!" शेजारीण तिच्या कानाशी ओरडली.

म्हातारी काठी टेकत उठली आणि धाकट्या भावाला मारावी तशी तिनं आरोक्यसामीला हाक मारली. "तंबी! एकदा अजून लाव!"

सगळा तंबू वळून बघायला लागला. आरोक्यसामी खाली येऊन तिच्या कानाशी ओरडला. "पाट्टी, फीत कुजलीय. पुन्हा घातली तर तुटेल. मग मला दोष देऊ नका."

"तुटू दे. इतकी वर्षं जपली ती कुणासाठी? माझ्यासाठीच ना?"

मित्रांनो, अंगात त्राण नव्हतं, तरी मी धावले. तिनं कर्ण्याच्या पेटीवर तळवा ठेवला. पिळ्ळैंचं नादस्वरम चढत गेलं. तिला ते ऐकू आलं की नाही, मला ठाऊक नाही, पण तिची मान डोलली. आणि मी तुटले. एरवी अशा वेळी शिट्ट्या पडायच्या. त्या दिवशी कुणी हूं की चूं केलं नाही.

कापलेला तुकडा आरोक्यसामीनं फेकला नाही. तो तिच्याकडे घेऊन आला. तिनं तो दिव्यासमोर धरला. "यात हे कुठे आहेत? हा तर तो मेला नट!"

आरोक्यसामी तिच्या कानाशी वाकला. "चित्रात नाहीत, पाट्टी. कडेला बघा. ही नागमोडी रेघ दिसते ना? ते त्यांचं वाजवणं."

ती त्या रेघेवरून नख फिरवत गेली. एका जागी रेघ अगदी सपाट झाली होती. तिथे नख थांबलं.

"तिथे काही नाही, पाट्टी," आरोक्यसामी म्हणाला. "तिथे आवाज नाही."

"काही नाही काय म्हणतोस? तिथे त्यांनी श्वास घेतलाय."

तिनं तो तुकडा पदराच्या टोकाला बांधला आणि घरी गेली.

मित्रांनो, मी आता एका गोदामात पडले आहे. माझ्यासारख्या काळ्यापांढऱ्या फिती अंगातली चांदी काढायला नेतात, उद्या मलाही नेतील. मी खरंच थकले आहे, माझी काही तक्रार नाही. फक्त एवढं करा. जुनी फीत टाकून देण्याआधी ती एकदा उजेडात धरा आणि चित्र सोडून कडेला बघा. तिथे काहीच दिसलं नाही, तरी काही नाही असं लगेच म्हणू नका.